रायफलीला बायपॉड बसवताना आधी लाकूड पाहावे की पाय?

सड्यावरून (राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात त्यांची इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल वारसाहक्काने रीतसर माझ्या नावावर झाली, त्याला आता दीड वर्ष होत आले. परवाना शेतीसंरक्षणाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना हा काही डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, हे मी जाणतो. त्यामुळे या धाग्यावर त्या विषयाची उजळणी नको, एवढी विनंती. माझा प्रश्न रायफल स्थिर धरण्याचा आहे.

रायफल चालवण्याची वेळ कदाचित वर्षातून एकदाच येईल, कदाचित येणारही नाही. परंतु आली, तर गोळी जिथे जायला हवी तिथेच गेली पाहिजे. जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलेला डुक्कर ही त्या जनावराचीही यातना असते आणि दुसऱ्या दिवशी त्या वाटेने गुरे नेणाऱ्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. माझा उजवा खांदा पूर्वी एकदा निखळलेला असल्यामुळे उभ्याने नेम धरताना माशी (नळीच्या टोकावरची नेमखूण) लक्ष्यावर थांबत नाही, ती भिंगरीसारखी फिरते. म्हणून बायपॉड, म्हणजे रायफलीला पुढे टेकण देणारे दोन पाय, घ्यायचे ठरवले.

पहिली खरेदी चुकली, ती सांगतो. ऑनलाइन मिळणारा, थेट नळीला चिमट्यासारखा आवळायचा स्वस्त बायपॉड मी मागवला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नेमबाजीच्या रेंजवर ५० मीटरवर आधी रेतीच्या पिशवीवर रायफल ठेवून तीन गोळ्या मारल्या, त्या चहाच्या बशीएवढ्या जागेत बसल्या. मग बायपॉड आवळून तीन मारल्या, तर त्या चार बोटे वर आणि डावीकडे गेल्या. चिमटा थोडा मागे सरकवून पुन्हा तीन मारल्या, त्या तिसरीकडेच. नऊ काडतुसे त्या दिवशी संपली. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे मिळतात आणि .३१५ ची किंमत काय असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना माझी चुटपुट समजेल.

त्यानंतर वाचन केले, त्यातून एवढे कळले की गोळी सुटताना नळी थरथरते, आणि त्या थरथरीत जे काही नळीला चिकटलेले असेल ते गोळीची दिशा बदलते. म्हणून बायपॉड नळीला नव्हे, नळीखालच्या लाकडाला बसवला पाहिजे. आता माझ्यासमोर तीन प्रश्न आहेत. पाय किती उंचीचे घ्यावेत? माझ्या रायफलीच्या लाकडाला पुढे योग्य स्टड (बायपॉड अडकवायचा छिद्राचा स्क्रू) नाही, तर भोक पाडून तो बसवावा का आणि कसा? आणि आमचे घर समुद्रापासून सरळ रेषेत तीन किलोमीटरवर असल्याने येथील खाऱ्या हवेत या स्प्रिंगा टिकतील का?

---

जुना आर्मरर (गुहागर)

सड्यावरून, आपला धागा वाचून समाधान वाटले, कारण बहुतेक जण प्रश्न विचारण्यापूर्वी भोक पाडून मोकळे होतात. मी सैन्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होतो आणि ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी जातीच्या रायफली कित्येक वर्षे हाताखालून गेल्या आहेत. आपल्या .३१५ चा सांगाडा त्याच घराण्यातला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नळीला बायपॉड लावू नये हा आपला निष्कर्ष बरोबर आहे. ब्रेन मशीनगन आणि तिच्यावरून आलेली ७.६२ मिमीची एलएमजी (हलकी मशीनगन) ज्यांनी हाताळली असेल, त्यांना आठवेल की तिचे दोन पाय नळीला नसून खालच्या गॅस सिलिंडरला (गोळीमागच्या वायूवर यंत्रणा चालवणाऱ्या नळकांड्याला) असतात. त्यामुळे तापलेली नळी पाय न काढता बदलता येते आणि पायांचा भार नळीवर येत नाही.

आता लाकूड. या जातीच्या रायफलीचे लाकूड एकसंध नसते. मागचा दस्ता वेगळा आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. पुढचे लाकूड चापाच्या पुढे असलेल्या एका मुख्य स्क्रूवर आणि मागे धातूला टेकणाऱ्या दोन लहान पृष्ठभागांवर उभे असते. कोकणात आषाढ-श्रावणात हे लाकूड फुगते आणि वैशाखात आक्रसते. स्क्रू सैल झाला की लाकूड किंचित डुलते. पिशवीवर ठेवलेली रायफल हे डुलणे लपवते, कारण पिशवी लाकडाला मधोमध आणि मऊ आधार देते. बायपॉड मात्र लाकडाला अगदी पुढच्या टोकाशी वर ढकलतो, म्हणजे लाकूड हा तरफेचा दांडा होतो आणि मागचा सैलपणा कित्येक पटींनी पुढे दिसतो. आपण बायपॉडला दोष देतो, पण तो फक्त आधीपासूनचा दोष उघड करत असतो.

म्हणून खरेदीच्या आधी एक तपासणी करा. रायफल रिकामी आहे याची बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडून, डोळ्याने आणि करंगळीने खात्री करा. मग लाकूड आणि नळी यांच्यामधून दहाची नोट सरकवून पाहा. ती जेथे अडेल तेथे पेन्सिलीने खूण करा. नंतर लाकडाचे पुढचे टोक टेबलाच्या कडेवर ठेवून दस्ता खांद्याला घ्या, गोळी मारताना देता तेवढा भार द्या, आणि दुसऱ्या कोणाला पुन्हा नोट सरकवायला सांगा. दोन्ही वेळी नोट एकाच जागी अडली तर लाकूड विश्वासाचे आहे. भार दिल्यावर खूण बदलली, तर बायपॉड कितीही महागाचा असला तरी गोळ्या भटकतील.

येथे एक गैरसमज दूर करतो. ‘नळी लाकडाला कोठेही लागता कामा नये’ असे हल्ली सर्रास लिहिले जाते. नव्या रायफलींसाठी ते खरे आहे. परंतु जुन्या .३०३ ली-एनफिल्डमध्ये पुढे स्प्रिंगवरचा एक लहान खिळा नळीला मुद्दाम खालून दाबून धरीत असे. म्हणजे स्पर्श हा गुन्हा नव्हे. तो स्पर्श प्रत्येक गोळीला सारखा असला पाहिजे, हे महत्त्वाचे. आपली नळी पुढे लाकडाला टेकत असेल तर घाईघाईने कानस घेऊन लाकडातली नळीची खाच रुंद करू नका. तासलेले लाकूड परत येत नाही.

---

सड्यावरून

आर्मररकाका, मनापासून आभार. आजच संध्याकाळी मुलाला हाताशी घेऊन नोट सरकवून पाहिली. भार नसताना ती मुख्य स्क्रूच्या पुढे बोटभर अंतरापर्यंत मोकळी जाते. भार दिला की पुढच्या टोकाशीच अडते, आणि अडते ती फक्त डाव्या बाजूला. त्या दिवशी गोळ्या डावीकडे का गेल्या असाव्यात याचा मला काहीसा उलगडा झाला. मुख्य स्क्रू पाहिला, तो जवळजवळ अर्धा फेरा आवळला गेला. मागील निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा होती आणि पावसाळ्याचे दोन महिने ती तिथल्या दमट खोलीत राहिली. परत आल्यापासून मी तो स्क्रू पाहिलाच नव्हता, ही माझी चूक.

स्टडबद्दलही कृपया लिहावे. गावातील सुतार चांगला कारागीर आहे, त्याच्याकडून भोक पाडून घ्यावे असा विचार होता.

---

जुना आर्मरर

सुतार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे रायफल देऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रांची दुरुस्तीही परवाना असलेल्यानेच करायची असते. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे जा, स्वतः समोर बसा आणि पावती घ्या. नळीला आणि मुख्य सांगाड्याला हात लागणार नाही व क्रमांक झाकला जाणार नाही, हे आधीच बोलून घ्या.

आता स्टड. पट्टा अडकवण्याच्या गोल डोक्याच्या, आडवे छिद्र असलेल्या स्क्रूला स्टड म्हणतात. हॅरिस पद्धतीच्या बायपॉडचे दोन आकडे त्या छिद्रात दोन्ही बाजूंनी शिरतात, आणि मधली चकती फिरवली की बायपॉडचे वरचे बूड लाकडाला खालून घट्ट चिकटते. सगळा ताण त्या एका स्टडवर असतो. म्हणून येथे लाकडात नुसता पिळत जाणारा स्क्रू कधीही वापरू नये. पट्ट्यासाठी तो पुरतो, कारण पट्ट्याने रायफल नुसती लटकते. बायपॉड मात्र आवळताना स्टड खेचतो आणि प्रत्येक धक्क्याला पुन्हा खेचतो. असा स्क्रू एक पावसाळा टिकेल. दुसऱ्या पावसाळ्यात फुगलेले लाकूड आक्रसले की तो हाताने बाहेर येईल, आणि येताना लाकडाची एक खपली घेऊन येईल.

योग्य पद्धत अशी. लाकूड रायफलीपासून वेगळे करायचे. मध्यरेषा खालच्या बाजूने दोऱ्याने आखायची, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे, कारण स्टड दोन मिलिमीटर बाजूला गेला तरी रायफल कायम एका अंगाला कलते. भोक आरपार नळीच्या खाचेत काढायचे आणि स्टडला खाचेच्या आतून नट द्यायचा. तो नट आणि त्याखालचा चपटा वॉशर लाकडात पूर्ण बुडला पाहिजे. नट नळीला लागला तर आपण ज्या दोषापासून सुटायला निघालो तोच दोष धातूच्या रूपात परत आणू. नटाभोवती दोन घटकांचे इपॉक्सी भरायचे, म्हणजे तो फिरणार नाही. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भोकाच्या आतील कच्च्या लाकडाला जवसाचे तेल पाजायचे. रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. कापसाच्या बोळ्याने तीन-चार वेळा, मध्ये एकेक दिवस सुकू देऊन. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या भोकातून पाणी शिरले की लाकूड आतून फुगते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

स्टडऐवजी पिकॅटिनी रेल (जोडसाहित्य अडकवायची आडव्या खाचांची पट्टी) बसवायची असेल, तर ती किमान दोन स्क्रूंवर बसते म्हणून अधिक पक्की, हे खरे. पण जुन्या बारीक लाकडात दोन भोके पाडण्यापेक्षा एक नीट पाडलेले बरे, असे माझे मत आहे. रेल घेतलीच तर एवढे पाहा की पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद असते आणि जुन्या वीव्हर पद्धतीची ४.५७ मिमी. पिकॅटिनीचा आडवा खिळा वीव्हरच्या खाचेत बसत नाही. दुकानदार दोन्हीला ‘रेल’च म्हणतात.

---

नेमबाज ताई (रत्नागिरी)

मी .२२ प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात अनेक वर्षे सराव करते, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडते. आमच्या स्पर्धांत बायपॉड चालत नाही, तेथे पट्टा हाच आधार. डाव्या दंडाला नीट आवळलेला पट्टा आणि जमिनीवर टेकलेले कोपर यांनी रायफल इतकी स्थिर होते की पहिल्यांदा अनुभवणाऱ्यास विश्वास बसत नाही. सड्यावरून दादा, आपला दुखरा खांदा उजवा आहे आणि पट्ट्याचा भार डाव्या हातावर येतो. बायपॉड घ्याच, पण तो येईपर्यंत रिकाम्या रायफलीने पट्ट्याचा सराव सुरू करण्यास हरकत नाही. त्यासाठी नकली काडतुसे वापरावीत.

उंचीबद्दल माझा अनुभव असा की लोक नेहमी गरजेपेक्षा उंच पाय घेतात. ६ ते ९ इंच हे माप सपाट जमिनीवर पालथे झोपणाऱ्यासाठी. ९ ते १३ इंच हे पोट मोठे असणाऱ्यासाठी किंवा समोर गवत असेल तर. आणि साडेतेरा ते २७ इंच हे बसून नेम धरणाऱ्यासाठी. पाय जितके लांब, तितके त्यांचे डुलणे अधिक. आपण प्रत्यक्षात कोणत्या स्थितीत बसणार हे आधी ठरवा आणि मोजपट्टी घेऊन घरात ओटीवर बसून जमिनीपासून लाकडापर्यंतचे अंतर मोजा.

आणखी एक. वरचा भाग दोन्ही बाजूंना थोडा कलणारा घ्यावा. आपल्याकडे सपाट जमीन मिळते कोठे? एक पाय दगडावर आणि एक मातीत असला की न कलणाऱ्या बायपॉडवर रायफल वाकडी उभी राहते आणि नेमबाज मनगटाने तिला सरळ ओढत बसतो.

बायपॉडने फक्त पुढचे टोक स्थिर होते, हेही विसरू नये. दस्त्याच्या टाचेखाली एक लहान पिशवी हवी. मी जुन्या जाड मोज्यात तांदूळ भरून तोंड शिवते. डाव्या हाताने ती दाबली की दस्ता वर उचलला जातो आणि माशी खाली येते, सैल सोडली की उलट. पावसाळ्यात मात्र तांदूळ काढून वाळू भरा, नाही तर पोरकिडे होतात.

---

चिवारीचे बेट (संगमेश्वर)

आमच्या भागात भात पोटरीला आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत एक कुणगा (भाताचा वाफा) लोळवून टाकतो, त्यामुळे या विषयाची झळ मला ठाऊक आहे. धाग्यावर यंत्राची चर्चा उत्तम चालली आहे. मी जमिनीविषयी लिहितो.

पालथे झोपून बायपॉडवरून मारलेली गोळी जमिनीला जवळजवळ समांतर जाते. आपला सडा म्हणजे उघडा कातळ. रायफलीची गोळी चुकली किंवा जनावरातून आरपार गेली, तर ती कातळावर आपटून कोठे जाईल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि अशी गोळी मैलाच्याही पलीकडे जाऊ शकते. सड्याच्या कडेला खाली वाडी असते, वाट असते, रात्री कुर्ल्या पकडायला निघालेली माणसे असतात. माळ्यावरून (शेतातल्या मचाणावरून) खाली मारलेली गोळी मातीत घुसते, हा माळ्याचा खरा फायदा आहे, आणि आपल्या आजोबांनी माळे बांधले ते केवळ दुरून दिसावे म्हणून नव्हे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आखूड पायांचा बायपॉड रेंजवर झिरो करण्यासाठी (नेम आणि गोळी जुळवून घेण्यासाठी) वापरावा. शेतात तो वापरायचाच असेल, तर समोर मातीचा उंच बांध किंवा डोंगराची कूस असल्याशिवाय वापरू नये.

माळ्यावर आम्ही चिवारीच्या (बारीक बांबूच्या) दोन काठ्यांची कैची वापरतो. छातीएवढ्या काठ्या, वरून वीतभर सोडून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेल्या. ट्यूबमुळे काठ्या हव्या तेवढ्या फाकतात आणि रायफल ठेवली की आवाज होत नाही. हिचा स्पर्शही लाकडालाच व्हावा, नळीला नव्हे, हे वर आलेच आहे.

---

जुना आर्मरर

चिवारीचे बेट यांच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला एक जोड देतो. ज्यांनी दुर्बीण बसवली आहे त्यांची दृष्टी नळीच्या मध्यापासून साधारण चार सेंटिमीटर वर असते. आखूड पायांवर झोपून पाहिले की दुर्बिणीतून बांधाच्या वरून शेत स्वच्छ दिसते, पण नळी मात्र अजून बांधाच्या माथ्याकडेच पाहत असते. गोळी चार हातांवरच्या दगडावर आदळते. जागा निवडताना बोल्ट काढून मागून नळीतून पाहावे. भोकात लक्ष्य दिसले पाहिजे, माती नव्हे.

पायांखाली काय आहे यानेही फरक पडतो. सिमेंटच्या कोब्यावर किंवा कातळावर बायपॉड उडी मारतो आणि गोळ्या वर जातात. दुमडलेले गोणपाट घाला. रायफल खांद्याने किंचित पुढे रेटून पायांतला सैलपणा काढून टाकावा आणि तो रेटा प्रत्येक वेळी सारखाच ठेवावा.

खाऱ्या हवेचे उत्तर राहिले होते. अॅल्युमिनियमचे पाय आणि पोलादी खिळे जिथे एकमेकांना लागतात, तिथे खारट ओलीत पांढरी भुकटी धरते आणि पाय सरकेनासे होतात. बाहेरून दिसणाऱ्या उघड्या स्प्रिंगा आधी तांबूस होतात. बायपॉड रायफलीवरून काढून गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, वाळवा, मग तेलाचे दोन थेंब. जास्त तेल नको, त्याला वाळू चिकटते. आणि तो रायफलीला लावून कपाटात ठेवू नका. बूड लाकडाला दाबून राहिले की त्याखाली ओल साठते आणि पॉलिशवर डाग पडतो.

---

सड्यावरून

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की काम पूर्ण झाले. परवानाधारक कारागिराकडे दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी त्याने लाकडातला साधा स्क्रूच पुढे केला आणि ‘सगळे हाच लावतात’ असे सांगितले. मी काकांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग आतून नट देण्याचे मान्य केले आणि काम खरोखर सुबक केले. तेल मात्र मी स्वतः पाजले, चार दिवस. पहिल्या दिवशी त्या भोकाने तेल असे शोषले की बोळा कोरडा बाहेर आला. चौथ्या दिवशी तेल काठाशी तसेच थांबले.

बायपॉड ९ ते १३ इंचाचा, वरून कलणारा घेतला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ओटीवर मोजले तेव्हा माझे माप ११ इंच आले. ६ इंची घेतला असता तर मान मोडली असती.

काल रेंजवर पाच काडतुसांची मुभा मी स्वतःला दिली होती. दोन पिशवीवर, तीन बायपॉडवर, खाली गोणपाट, दस्त्याखाली तांदळाचा मोजा. ५० मीटरवर पिशवीवरच्या आणि बायपॉडवरच्या गोळ्यांत आता बोटभर अंतर आहे. बायपॉडवरच्या तीन गोळ्या वाटीच्या तोंडाखाली झाकल्या जातात. खांद्याला त्रास झाला नाही.

माळ्यासाठी चिवारी तोडून सावलीत वाळत ठेवली आहे. सड्यावर पालथे पडून रायफल रोखायची नाही, हे चिवारीचे बेट यांचे म्हणणे घरात मुलालाही समजावून सांगितले, कारण पुढे ही रायफल त्याच्याकडे जाईल.

घरी येऊन पुसताना मुख्य स्क्रू पुन्हा पाहिला. पाच गोळ्यांनंतर तो हलला नव्हता. स्टड मात्र केसभर फिरला, तो आवळून त्याच्या कडेला आणि लाकडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे, म्हणजे पुन्हा फिरला तर लगेच दिसेल.